राखीव पाहुणा

आमच्या रेडिओ केंद्राच्या पायऱ्या चढून आत गेलं की एक लांबलचक कॉरिडॉर लागतो, आणि त्याच्या दोन्ही भिंतींवर पाहुण्यांचे फोटो टांगलेले आहेत. डॉक्टर आहेत, वकील आहेत, प्राध्यापक तर मोजता येणार नाहीत इतके. एक जादूगारही आहे. रेडिओवर जादूचे प्रयोग करायला आला होता म्हणे. रेडिओवर! त्या भिंतीवर बॅगवाल्या काकांचा फोटो मात्र नाही. सकाळच्या चर्चेच्या कार्यक्रमात त्या भिंतीवरच्या कुठल्याही मान्यवरापेक्षा जास्त वेळा बसलेला माणूस, आणि त्याला एक खिळा मिळाला नाही.

केंद्रातल्या एका बाईंना मी छेडलं, तर त्या म्हणाल्या, "ते आमचे नियोजित पाहुणे नव्हते ना."

बरोबर आहे. नियोजित पाहुणे यायचे नाहीत, म्हणून तर काका जायचे. असो. भिंत तुमची आहे, कागद माझा आहे.

केंद्राच्या कुंपणाला पाठ लावून आणि रस्त्याकडे तोंड करून दुरुस्तीवाल्यांची एक रांग आहे. चाव्या करणारा, घड्याळवाला, चपला शिवणारे दोघे भाऊ, मिक्सर आणि इस्त्र्या उघडून बसणारा, आणि टोकाला बॅगवाले काका. माझे वडील याच रांगेत स्टोव्ह दुरुस्त करायचे. स्टोव्ह गेले, वडील गेले, आणि रांगेची भांडणं भांडायचं काम माझ्या गळ्यात आलं. शाळा मी अर्ध्यात सोडली. कायदा शिकले तो आलेल्या नोटिसा वाचून, आणि भाषण शिकले ते अधिकाऱ्यांच्या दारात उभं राहून. त्यामुळे माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका.

काकांचं दुकान म्हणजे एक पत्र्याचं कपाट, उघडलं की दुकान, मिटलं की कपाट. आत चामडं शिवायचं जुनं मशीन, मेण लावलेला दोरा, डब्यांमधून चेनचे रनर, आणि छताला टांगलेल्या चाकं नसलेल्या सुटकेसा. काकांचा हात चांगला होता, पण त्याहून चांगला होता आवाज. भरदार, सावकाश, प्रत्येक शब्द घासूनपुसून ठेवलेला. "आपली चेन नादुरुस्त नाही, बाई. ती फक्त रुसली आहे," असं काहीतरी ते गिऱ्हाइकाला सांगायचे आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. काकू शेजारी स्टुलावर बसून हँडलं शिवायच्या आणि म्हणायच्या, "चेन लवकर समजूत काढून घेते. मला नाही जमलं ते."

काका दिसायलाही टापटीप. बाकी रांग बनियनवर, हे इस्त्रीच्या शर्टात. साधासुधा, लाजराबुजरा कारागीर वगैरे अजिबात नव्हेत. आपला आवाज आपल्याला फार आवडतो, हे त्यांनी कधी लपवलं नाही.

आता ते रेडिओवर कसे गेले ते सांगते. एकदा सकाळी कुणी दंतवैद्य यायचे होते, ते आलेच नाहीत. कार्यक्रम थेट, माईक उघडायची वेळ झालेली, आणि खुर्ची रिकामी. निवेदिका बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. केंद्राचा रखवालदार आमचा रोजचा माणूस. त्याच्या चपला इथे, चाव्या इथे. तो कुंपणावरून वाकला आणि ओरडला, "काका! आत या, नुसतं बोलायचंय!"

"कशावर?"

"दातांवर."

काकांनी शर्टाची कॉलर सरळ केली आणि गेले. आणि बोलले की हो! आजोबांचे दात, लहान पोरांचे दात, दात आणि भीती यांचा संबंध. निवेदिकेने ओळख करून देण्याआधी विचारलं होतं, "आपण काय करता?" काका म्हणाले, "बॅगा..." बाईंनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "आपण 'जाणकार नागरिक' म्हणू. छान वाटतं." आणि लाल दिवा लागला.

त्या दिवसापासून ती पद्धतच पडली. पाहुणा गळाला की रखवालदार कुंपणावरून हाक मारायचा, काका हात पुसायचे, काकू दुकान सांभाळायच्या. भटकी कुत्री, परीक्षेचा ताण, वाहतुकीची कोंडी, म्हातारपणीची झोप, लग्न उशिरा करावं की लवकर... काका सगळ्यांवर बोलले. त्यांची एक खासियत होती. जो पाहुणा आला नाही, त्याची बाजूही ते मांडायचे. "या प्रश्नाला दोन बाजू आहेत," अशी सुरुवात. कुत्र्यांवर बोलायचं तर चावलेल्या माणसाकडूनही बोलायचे आणि कुत्र्याकडूनही. केंद्रातल्या लोकांना हे फार सोयीचं होतं. एका माणसात दोन पाहुणे. त्यांनी त्यांचं नाव ठेवलं 'राखीव काका'.

आणि इतक्या वर्षांत त्या इमारतीतल्या एकाही शिकल्यासवरल्या माणसाने काकांना विचारलं नाही, की काका, तुम्ही येता कुठून? भिंतीच्या अलीकडे दुकान, पलीकडे स्टुडिओ. मशीनची टकटक त्यांच्या खिडकीत जात असणार. तरी नाही. पाण्याच्या टाकीत पाणी कुठून येतं हे कुणी विचारतं का? नळ उघडला की आलं पाहिजे, बस.

खोटं कशाला बोलू, काकांनीही सांगितलं नाही. 'जाणकार नागरिक' हा शब्द त्यांच्या अंगावर नव्या कोटासारखा बसला होता. काकू त्यांना हाक मारायच्या, "अहो जाणकार, सुई कुठे ठेवलीत?" तेव्हा ते हसायचे, पण कोट काही उतरवायचे नाहीत.

मग नोटीस आली. रांग हटवायची. कारण काय, तर रस्ता मोकळा करणे. पालिकेचा शिक्का, खाली सही, आणि मुदत अशी की माणसाने सामान आवरावं की रडावं हेच ठरू नये. नोटीस हातात घेऊन मी दुकानादुकानांतून फिरले. घड्याळवाला डोळ्यातली काच काढून पुसत राहिला. चपलावाल्या भावांपैकी धाकटा म्हणाला, "ताई, आम्ही इथून उठलो तर गिऱ्हाइकाला कसं कळणार कुठे गेलो ते? फाटकी चप्पल घेऊन कुणी शोधत येतं का?" हीच तर गोष्ट होती. दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे जागा. जागा गेली की हातातली कला हातातच राहते.

त्यात कळलं, की सकाळच्या कार्यक्रमात याच विषयावर चर्चा ठेवली आहे. 'रस्ता आधी की दुकान आधी?' पाहुणा कोण, तर पालिकेचा अधिकारी. एकटा.

मी तडक केंद्रात गेले. कार्यक्रमाचे निर्माते साहेब थंड खोलीत बसले होते. खुर्ची त्यांनी दाखवली, पण मी बसले नाही.

"साहेब, नोटीस रांगेला, चर्चा रांगेवर, आणि रांगेतलं कुणीच नाही?"

"ताई, जरा समजून घ्या. तुम्ही लोक बाधित आहात."

"म्हणूनच म्हणतेय."

"म्हणूनच नको म्हणतोय मी. बाधितांना बोलावलं की चर्चा भावनिक होते. आमचं सार्वजनिक केंद्र आहे. आम्हाला तटस्थ माणूस हवा, ज्याचा विषयाशी थेट संबंध नाही असा."

"पाडणारा तटस्थ, आणि ज्याचं पाडताय तो बाधित?"

"अधिकारी आपली अधिकृत भूमिका मांडतील."

"मग आमची कोण मांडणार? तो भिंतीवरचा जादूगार?"

साहेब हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्या हसण्याने. म्हणाले, "फोन करा ना. फोनची लाइन सगळ्यांना खुली आहे."

खुली! फोन उचलणारी पोरगी आधी विचारते, तुमचा प्रश्न काय? प्रश्न कडू असला की, "थांबा हं, जोडते," आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत कानात सनई. मी ती सनई इतक्यांदा ऐकली आहे की मला ती पाठ आहे. ज्याचा संबंध नाही त्याने बोलायचं, ज्याचा आहे त्याने सनई ऐकायची. याला म्हणे तटस्थपणा. माणसाचा पाय दुखत असेल तर डॉक्टर त्यालाच विचारतो ना, कुठे दुखतं? की शेजाऱ्याला विचारतो, कारण शेजारी तटस्थ आहे?

बाहेर आले ती सरळ काकांपुढे उभी राहिले.

"काका, तुमची तिथे उठबस आहे. सांगा त्यांना."

"सांगतो की. माझा शब्द ते खाली पडू देत नाहीत."

काकूंनी दोरा दाताने तोडला. "शब्द खाली पडायलासुद्धा आधी तोंडातून निघावा लागतो."

"काका," मी म्हटलं, "त्यांना निदान ठाऊक आहे का, तुमचं दुकान इथे आहे ते?"

काका दोऱ्याला मेण लावू लागले. आधीच लावलेल्या दोऱ्याला. "तसा विषय नाही निघाला कधी."

"साऱ्या दुनियेचे विषय काढलेत तुम्ही, आणि हाच निघाला नाही?"

"पोरी, तुला नाही कळायचं. तिथे माझी एक ओळख आहे."

"ओळख तिथे आहे, पोट इथे आहे!" मी ओरडलेच. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. काकांनी एका सुटकेसचं तोंड उघडलं आणि डोकं आत घातलं.

चर्चेची सकाळ उजाडली. रांगेत दोनच रेडिओ, एक काकूंपाशी आणि एक चाव्यावाल्याकडे, दोन्ही लावलेले. मी काकूंच्या स्टुलाशेजारी उभी होते. जाहिराती चालू होत्या. तेवढ्यात कुंपणावर रखवालदाराचं डोकं उगवलं.

"काका! पाहुणा गळाला!"

सगळी रांग त्याच्याकडे बघायला लागली. त्याचा चेहरा कोरा. नंतर मी त्याला विचारलं होतं, की बाबा, विषय काय आहे ते तुला माहीत नव्हतं का? तर म्हणाला, "ताई, पाहुणा आला नाही की काकांना बोलवायचं, एवढंच माझं काम. विषय बघणारे आत पगारी बसलेत." आणि मिशीत हसला. पण त्या दिवशी निर्माते साहेब केंद्राच्या दुसऱ्या कुठल्याशा बैठकीत अडकले होते, अधिकाऱ्याने ऐनवेळी निरोप पाठवला होता, आणि निवेदिका बाईंना खुर्ची भरायची होती. खुर्ची कुणी भरायची हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं.

काका उठले. काकूंकडे बघितलं. काकूंनी नुसती कॉलर सरळ करून दिली. मी म्हटलं, "काका, आता नाही तर कधीच नाही." ते मान हलवून गेले.

पुढचं आत काय झालं ते काकांनी मागाहून सांगितलं. पाहुण्यांच्या खोलीत त्यांना दोन मिनिटं बसवलं होतं. कोपऱ्यात टेबलावर पांढऱ्या कपड्याखाली काहीतरी झाकून ठेवलेलं. काकांनी कपड्याचं टोक उचललं. सवयीचा भाग! दुसऱ्याची बॅगसुद्धा ते आधी उघडून बघतात, मग विचारतात काय झालंय. खाली केंद्राच्या नव्या इमारतीचा पुठ्ठ्याचा नमुना होता. काच, जिने, झाडं, सगळं बोटाएवढं. आणि जिथे आमची रांग आहे, तिथे एक रुंद गेट, गेटातून आत चाललेल्या इवल्या इवल्या गाड्या, आणि दोन्ही बाजूंना हिरवळ. तेवढ्यात कुणीतरी "चला, चला" करत आलं आणि काकांना उचलून माईकपुढे बसवलं. निवेदिका नेहमीसारखी म्हणाली, "दोन्ही बाजू मांडा हं, काका."

आणि इकडे रेडिओवर तो भरदार आवाज आला.

"नमस्कार. या प्रश्नाला दोन बाजू आहेत."

चाव्यावाला आपल्या खोक्यातून म्हणाला, "झालं!"

काकांनी आधी पालिकेची बाजू घेतली. रस्ता कसा अरुंद आहे, रुग्णवाहिकेला वळताना कशी अडचण होते, शाळेची मुलं कशी रस्त्यावरून चालतात. आणि काय सुंदर मांडली हो! तो अधिकारी जन्मात इतकं चांगलं बोलला नसता. मला घाम फुटला. घड्याळवाला माझ्याकडे असा बघत होता जणू मीच बोलतेय. चाव्यावाला उठून उभा राहिला. "हा आपला आहे की त्यांचा?"

काकूंचे हात थांबले होते. सुई चामड्यात अर्धी.

"आता दुसरी बाजू," काका म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा अडखळला. "त्या ठिकाणी काही व्यावसायिक आहेत. त्यांचंही... काही म्हणणं असू शकेल."

"काही म्हणणं असू शकेल!" काकू म्हणाल्या. मोठ्याने नाही. स्वतःशीच. मग त्यांनी सुई काढून खांद्याला टोचली, मोबाइल घेतला आणि केंद्राचा नंबर लावला.

मी म्हटलं, "काकू, सनई ऐकवतील."

"बघू या."

तिकडून पोरीने विचारलं, आपला प्रश्न काय? काकू साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "बॅगेची चेन कुठे दुरुस्त करून मिळेल, एवढंच विचारायचंय पाहुण्यांना. ते जाणकार आहेत ना." पोरगी हसली असावी. तणावाच्या विषयात असा एखादा हलका फोन त्यांना हवाच असतो. "तुमचा रेडिओ बंद करा, आवाज घुमतो," म्हणाली. काकूंनी रेडिओ बंद केला. आता आम्हाला ऐकू कसं येणार? सगळी रांग चाव्यावाल्याच्या खोक्यापाशी धावली. मी मध्ये उभी, एका कानात काकू आणि दुसऱ्या कानात रेडिओ, आणि दोन्हींत श्वासभराचं अंतर.

"नमस्कार, बोला ताई."

"नमस्कार. माझ्याकडे एक बॅग आली आहे. चेन अडकली आहे. गिऱ्हाईक उभं आहे आणि दुकानदार जागेवर नाही. काय करू?"

निवेदिका गोंधळली. "ताई, आपला आजचा विषय..."

"हाच विषय आहे. अहो, सांगा ना. दुकान कुणाचं आहे?"

त्या 'अहो'ने स्टुडिओत काय उत्पात झाला असेल देव जाणे. निवेदिका जपून म्हणाली, "आपण यांना ओळखता?"

"अजून ओळखतेय. पण आता जे ऐकलं त्यावरून शंका यायला लागली आहे."

"अगं," काकांचा आवाज आला, अगदी घरातला, "हे थेट चालू आहे."

"मलाही थेटच बोलायचंय. 'काही व्यावसायिक'! मी काही व्यावसायिक होय? लेकीला त्या मशीनखाली गोधडी घालून झोपवलं, ती काही व्यावसायिकांची लेक का? आत बसून सगळ्यांची बाजू घेता तुम्ही. कुत्र्यांची घेतलीत. आज घरच्यांची घ्या. नसेल जमत तर तसं सांगा, मी दुकान मिटवते."

मग रेडिओवर काहीच नाही. रेडिओवरची शांतता तुम्ही कधी ऐकली आहे का? घरातली शांतता वेगळी. इथे वाटतं, सगळं शहरच श्वास धरून बसलंय. चपलावाल्या मोठ्या भावाने माझा दंड धरला होता, तो दुखायला लागला.

"मी बॅगा दुरुस्त करतो," काका म्हणाले.

आवाज तोच, पण इस्त्री गेली होती.

"तुमच्या या भिंतीला लागूनच माझं दुकान आहे. ती नोटीस मलाही आली आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही मला विचारलं नाही. आणि मॅडम, तुमच्या बाहेरच्या खोलीत एक नमुना ठेवलाय, कपड्याखाली. मी कपडा उचलला. उचलायला नको होता. माझ्या दुकानाच्या जागी तिथे गेट आहे. आमच्या रांगेच्या जागी गवत लावलंय. मी आत्ता एवढा वेळ रुग्णवाहिकेचं बोललो, शाळेच्या मुलांचं बोललो. त्या नमुन्यात रुग्णवाहिका नाही आणि मुलंही नाहीत. तुमच्या गाड्या आहेत. रस्ता कुणाला मोकळा करायचाय, ते..."

आणि गाणं लागलं. मध्येच, वाक्य तोडून. कुठलं गाणं ते रांगेत कुणाला आठवत नाही, कारण रांग ओरडत होती. काकूंनी फोन कानापासून काढून बघितला आणि म्हणाल्या, "सनई लावली मेल्यांनी."

मी पायऱ्या कशा चढले मला माहीत नाही. कॉरिडॉरमध्ये निर्माते साहेब बैठकीतून धापा टाकत आलेले, आणि काका त्यांच्यापुढे मान खाली घालून उभे. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला," साहेब म्हणत होते. "तुम्ही आमची फसवणूक केलीत. आपला हितसंबंध लपवून माईकवर बसलात!"

"हितसंबंध लपवला?" मी मध्ये पडले. "नमुन्यावर कपडा कुणी टाकला होता, साहेब? काकांनी?"

"तुम्ही कोण आत आलात?"

"बाधित!" मी म्हटलं. "भावनिक व्हायला आलेय."

काकांनी मला हाताने मागे केलं. साहेबांना म्हणाले, "मी चुकलो. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं." एवढंच. मला त्यांचाही राग आला. वर्षानुवर्षं फुकट खुर्ची भरली, यांच्या प्रत्येक फजितीवर पांघरूण घातलं, आणि माफी यांनीच मागायची?

दुसऱ्या दिवशी केंद्राने 'खुलासा' वाचला. कालच्या पाहुण्यांचा विषयाशी वैयक्तिक संबंध होता, ही बाब केंद्राच्या लक्षात आणून देण्यात आली नव्हती, त्यांची मतं त्यांची स्वतःची आहेत, केंद्र दिलगीर आहे. गेटाबद्दल एक अक्षर नाही. नमुन्याबद्दल नाही. दातांपासून लग्नापर्यंत त्याच माणसाची मतं यांना कशी चालली, तेव्हा कुणाची होती ती, हे नाही. मी तो खुलासा रस्त्यावर उभी राहून ऐकला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सार्वजनिक केंद्र म्हणे! सार्वजनिक असेल तर भिंतीच्या अलीकडचे आम्ही कोण?

काकांना पुन्हा बोलावणं आलं नाही. ते म्हणायचे, बरं झालं, कामाचा खोळंबा होत होता. पण सकाळी ती वेळ झाली की चिडचिड करायचे, दोरा तुटला की दोऱ्यावर, सुई मोडली की सुईवर. काकूंनी त्या वेळेत रेडिओ लावणं सोडून दिलं.

पण बोललेलं परत थोडंच जातं? शहराने ऐकलं होतं. बायका बॅगा घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "त्या रेडिओवरच्या बाई तुम्हीच का?" वर्तमानपत्रवाले आले, नमुना बघायचाय म्हणाले, तेव्हा केंद्राने तो हलवला होता. तोच घोळ केला त्यांनी. काही नव्हतंच, तर हलवलं काय? मी पालिकेत रोज जाऊन बसले. एका पायावर नाचवलं त्यांनी मला, या खिडकीतून त्या खिडकीत, पण शेवटी उघड सुनावणी लावावी लागली.

सुनावणीच्या खोलीत माईक होता. रांगेतल्या सगळ्यांनी काकांना पुढे ढकललं. माईकची सवय असलेला माणूस आमच्यात तोच. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता. एका बाजूला केंद्राचे साहेब, वकील घेऊन बसलेले. सुनावणी घेणाऱ्या, मोठ्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं, "आपण कोणाच्या वतीने बोलताय?"

"माझ्या," काका म्हणाले.

आणि मग त्यांना बोलताच येईना. तो भरदार आवाज कुठे गेला कळेना. "आम्ही तिथे... म्हणजे मी आणि ही... मशीन जड आहे. ते हलवलं की... लोक तिथेच येतात. वर्षानुवर्षं..." साहेबांच्या वकिलाने घड्याळात बघितलं. मला राहवेना. मी उठायला लागले, इतकी तयारी केली होती मी, सगळे मुद्दे तोंडावर होते. काकूंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. "गप. बोलू दे त्यांना."

काका पाणी प्यायले. मग म्हणाले, "बाई, मी कशावरही बोलू शकतो, पण यावर मला नीट बोलता येत नाही. माझं दुकान आहे ते. मला तिथून जायचं नाही." आणि येऊन बसले. चपलावाला धाकटा उठला, मग घड्याळवाला, मग बाकीचे. प्रत्येकजण आपापलंच बोलला, वेडंवाकडं, एकाला दुसऱ्याचं वाक्य पुरं करावं लागत होतं. मोठ्या खुर्चीतल्या बाईंनी सगळं ऐकलं, आणि मग केंद्राच्या वकिलाला एकच विचारलं. मागच्या गल्लीत केंद्राची मोकळी जागा आहे, गेट तिथून का नको? वकिलाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी सांगितलं की तिथे सध्या केंद्राच्याच अधिकाऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात.

खोलीत जो हशा पिकला तो रेडिओवर कुणी ऐकवला नाही. रांग हलवायचा हुकूम रद्द झाला. गेट मागच्या गल्लीत गेलं.

संध्याकाळच्या बातमीत केंद्राने सांगितलं, की नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराची जागा 'तांत्रिक कारणास्तव' बदलण्यात आली आहे. तांत्रिक! आम्ही एवढी जिवंत माणसं, आणि यांच्या बातमीत एक तांत्रिक कारण.

म्हणून मी सांगते, आणि नाव न घेता सांगते, कारण ज्यांना कळायचं त्यांना कळेल. रांग आहे तिथेच आहे. केंद्राच्या कुंपणाला लागून, शेवटचं पत्र्याचं कपाट. चेन अडकली असेल तर घेऊन या. काका बोलतात फार, पण काम चोख करतात, आणि गिऱ्हाईक आलं की काकू त्यांना गप्प बसवतात.